शाळेच्या नाटकामागचे हात

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक झाले की टाळ्या कोणाला मिळतात? राजा झालेल्या मुलाला आणि राणी झालेल्या मुलीला. हार कोणाच्या गळ्यात पडतो? अध्यक्षस्थानी बसलेल्या पाहुण्यांच्या. ज्या बाईंनी दोन महिने शाळा सुटल्यावर थांबून मुलांकडून संवाद पाठ करून घेतले, ज्या आईने आपले लुगडे फाडून राजाचा शेला शिवला, ज्या शिपाईमामांनी रात्री बसून पडद्याची दोरी नीट केली, त्यांच्या वाट्याला आभारप्रदर्शनातले एक वाक्य येते : ‘ज्यांचे ज्ञात-अज्ञात सहकार्य लाभले त्या सर्वांचे आभार.’ तोपर्यंत निम्मे लोक चपला शोधायला लागलेले असतात.

या अज्ञात माणसांना नावाने हाक मारून व्यासपीठावर बोलवावे, त्यांचा सन्मान करावा आणि तो नुसता शाल-नारळाचा नसावा, असा एक प्रयत्न अमेरिकेत १९९१ पासून चालू आहे. तिथल्या गावोगावच्या हायस्कुलांतील संगीत नाटकांशी तो जोडलेला आहे. त्याची माहिती आमच्या वाचक कुटुंबांना व्हावी म्हणून हा लेख. मुलांच्या आईवडिलांनी तो जरूर वाचावा. आणि एखादे शिक्षक हा अंक चाळत असतील तर त्यांनीही वाचावा.

हे नाटक होते कसे?

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. मुले साधारण चौदा ते अठरा वर्षांची असतात. बहुतेक हायस्कुलांत वर्षातून एक मोठे संगीत नाटक होते. त्यात संवाद, गाणी आणि नाच हे तिन्ही असते. हिवाळ्यात मुलांची निवड होते, शाळा सुटल्यावर रोज दोन-तीन तास तालीम चालते आणि वसंतात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, शाळेच्या सभागृहात तीन-चार प्रयोग होतात. तिकीट लावतात. गावचे लोक ते काढून येतात.

हा खेळ फुकट होत नाही. नाटक गाजलेले असेल तर त्याचे हक्क ज्या कंपनीकडे असतात तिला प्रयोगाचे पैसे भरावे लागतात. संहिता आणि गाण्यांची स्वरलिपीही तिच्याकडून भाड्याने आणावी लागते. त्यावर लाकूड, रंग, कापड, दिवे, वादक यांचा खर्च. मग पालकांची समिती बसते. कोणी घरी केक भाजून विकते, कोणी दुकानदारांकडून जाहिराती आणते, कोणी गाड्या धुऊन पैसे जमवते. सुतारकाम येणारा बाप शनिवारी हातोडी घेऊन शाळेत जातो. शिवणयंत्र असलेली आई पंचवीस झगे शिवते.

इथेच श्रीमंत आणि गरीब शाळा असा फरक पडतो. अमेरिकेत सरकारी शाळेच्या पैशाचा मोठा हिस्सा त्या त्या भागातील घरपट्टीसारख्या करातून येतो. ज्या वस्तीत घरे महाग तिथली शाळा भरलेली, आणि ज्या वस्तीत घरे पडकी तिथली शाळा रिकामी. त्यात २००२ साली एक कायदा लागू झाला. वाचन आणि गणिताच्या परीक्षांतील निकालावर शाळांची पारख होऊ लागली, तेव्हा अनेक ठिकाणी गाणे, चित्र आणि नाटक यांचे तास कमी झाले. ही झळ कोणाला अधिक लागली हे आमच्या वाचकांना सांगायला नको. श्रीमंताचे मूल बाहेर शिकवणी लावून गाणे शिकते. गरिबाच्या मुलाला जे मिळायचे ते शाळेतच मिळते. शाळेतले गेले की सगळेच गेले.

पिट्सबर्गची तागडी

पिट्सबर्ग हे पोलादाच्या गिरण्यांचे शहर. हिंदी-मराठी चित्रपटांवर वाढलेल्या आमच्या वाचकांनी कदाचित जीन केली या नटाचे नाव ऐकले असेल. पावसात छत्री घेऊन नाचणारा, हॉलिवूडच्या चित्रपटांतला तो नर्तक याच शहरात १९१२ साली जन्मला. त्याने तिथल्याच विद्यापीठातून १९३३ साली अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि घरच्या नृत्यशाळेत मुलांना नाच शिकवला. त्याच्या नावाने १९९१ पासून पिट्सबर्ग आणि आसपासच्या हायस्कुलांच्या संगीत नाटकांना पुरस्कार दिले जातात. परीक्षक शाळाशाळांत जाऊन प्रयोग पाहतात आणि वर्षअखेर एका मोठ्या नाट्यगृहात सर्व शाळांना एकत्र बोलावून निकाल लावतात.

पुरस्कार तर कोठेही देतात. पण पिट्सबर्गवाल्यांची एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली. त्यांनी शाळांचे खर्चाप्रमाणे तीन गट पाडले. ज्या शाळेने नाटकावर अमाप पैसा ओतला तिची गाठ तिच्याच तोलाच्या शाळेशी, आणि ज्या शाळेने पुठ्ठ्याचा राजवाडा उभा केला तिची गाठ पुठ्ठ्याचा राजवाडा उभा करणाऱ्या शाळेशी. झुंबर टांगणाऱ्याने पुठ्ठा कापणाऱ्याला हरवले तर त्यात मर्दुमकी कसली?

स्पर्धा सर्वांना खुली आहे, असे म्हणणे सोपे असते. धावण्याची रेघ सर्वांसाठी एकाच जागी आहे का, हे कोणी तपासत नाही. एक मूल मोटारीने रेघेपर्यंत येते, दुसरे चार मैल चालत येते, आणि शिट्टी वाजली की दोघे बरोबरच सुटले असे आपण म्हणतो. पिट्सबर्गच्या तागडीने निदान एवढे तरी केले, की गुणांबरोबर साधनेही तोलली. गुणवत्तेची चर्चा करणाऱ्या प्रत्येकाने हा धडा गिरवावा.

दिवे लावणाराही मानकरी

पेनसिल्व्हेनिया राज्यातच ईस्टन नावाचे एक छोटे शहर आहे. तिथल्या स्टेट थिएटरने २००३ पासून आसपासच्या शाळांसाठी ‘फ्रेडी’ पुरस्कार सुरू केले. हे नाव थिएटरच्या एका जुन्या व्यवस्थापकाचे. त्यांचे भूत अजून थिएटरात फिरते अशी तिथे दंतकथा आहे. भुताखेतांवर आमचा विश्वास नाही; पण एका व्यवस्थापकाचे नाव पुरस्काराच्या रूपाने गावात फिरते आहे, हे मात्र खरे.

फ्रेडीचा सोहळा स्थानिक दूरचित्रवाणीवर थेट दाखवला जातो. घरोघर लोक तो पाहतात. पुरस्कार नायक-नायिकेला तर आहेतच. पण समूहात गाणाऱ्या मुलांना आहे, वाद्यवृंदाला आहे, वेशभूषेला आहे, प्रकाशयोजनेला आहे आणि पडद्यामागे नेपथ्य हलवणाऱ्या मुलांनाही आहे. जी मुले सबंध नाटकभर काळे कपडे घालून अंधारात उभी असतात, ज्यांचे काम चोख झाले तर ती कोणाला दिसतच नाहीत, ती मुले त्या रात्री उजेडात येतात आणि गाव त्यांच्यासाठी टाळ्या वाजवते. या सोहळ्याच्या तयारीवर ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर्स’ नावाचा माहितीपट २०१० साली निघाला. खेळाच्या मैदानातला सर्वोत्तम खेळाडू ज्या शब्दांनी गौरवतात तेच शब्द नाटकाच्या मुलांसाठी वापरले आहेत. अमेरिकेतल्या हायस्कुलांत फुटबॉलच्या संघाचा जो थाट असतो तो पाहता हे नाव अर्थपूर्ण आहे.

ज्या समाजात हाताने काम करणारा खालचा आणि पुढे उभा राहणारा वरचा अशी उतरंड असते, तिथे खिळा ठोकणाऱ्या मुलाला व्यासपीठावर बोलावणे ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या वाचकांत गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत घाम गाळलेली घरे आहेत. दुसऱ्याचा सोहळा आपल्या कष्टांवर उभा राहतो आणि आपले नाव पत्रिकेत नसते, याचा अनुभव कोणाला नाही?

गावातून न्यूयॉर्ककडे

अशा प्रादेशिक पुरस्कारांची संख्या वाढत गेली आणि आज ती पन्नासच्या आसपास आहे. या सर्वांना जोडणारा राष्ट्रीय सोहळा २००९ साली सुरू झाला. नाट्यगृहांचे मालक आणि निर्माते जेम्स नेडरलँडर यांच्या नावावरून लोक त्याला ‘जिमी’ म्हणतात. प्रत्येक भागातून निवडलेला एक मुलगा आणि एक मुलगी जून महिन्यात न्यूयॉर्कला जातात. बाबासाहेब १९१३ साली उच्च शिक्षणासाठी ज्या शहरात उतरले तेच हे शहर. ब्रॉडवे हा तिथला मोठ्या नाट्यगृहांचा भाग. तिथे सुमारे दहा दिवस नामवंत कलावंतांकडून शिकायचे आणि शेवटी खऱ्या ब्रॉडवेच्या रंगमंचावर उभे राहायचे, असा हा कार्यक्रम.

एक उदाहरण देतो. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट शहरातील नॉर्थवेस्ट स्कूल ऑफ द आर्ट्स या सरकारी शाळेची एव्हा नोब्लेझाडा ही विद्यार्थिनी २०१३ साली जिमीच्या मंचावर पोचली. तिथे तिला निवडसमितीच्या जाणत्या माणसांनी हेरले आणि २०१४ साली ती लंडनमध्ये ‘मिस सायगॉन’ या मोठ्या नाटकाची नायिका झाली. पुढे ब्रॉडवेवरही तिचे नाव झाले. २०१८ साली जिमीचा मान मिळवणारी रेने रॅप हीदेखील याच शाळेत शिकलेली.

एका सरकारी शाळेतून अशी मुले पुन्हा पुन्हा निघतात तेव्हा शहाण्या माणसाने मुलांकडे पाहून झाल्यावर त्यांच्या मागे पाहावे. मागे कोणीतरी उभा असतो. या शाळेत तो उभा होता. त्याचे नाव कोरी मिचेल.

नाटकाच्या गुरुजींचा मान

अमेरिकेत रंगभूमीचा सर्वांत मोठा सन्मान म्हणजे टोनी पुरस्कार. २०१५ साली टोनीवाल्यांनी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाबरोबर शाळेत नाटक शिकवणाऱ्या शिक्षकासाठी खास सन्मान सुरू केला. याच विद्यापीठात १९१४ साली अमेरिकेतला पहिला नाट्यशिक्षणाचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला होता. शिक्षकाचे नाव कोणीही सुचवू शकतो. विद्यार्थी, पालक, शेजारी, कोणीही. सन्मानाबरोबर दहा हजार डॉलर मिळतात, ते शाळेच्या नाट्यविभागासाठी असतात. पहिला मान कोरी मिचेल या कृष्णवर्णीय शिक्षकाला मिळाला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘द कलर पर्पल’ हे संगीत नाटक केले होते. अ‍ॅलिस वॉकर यांच्या १९८२ च्या कादंबरीवरचे ते नाटक एका पिचलेल्या काळ्या स्त्रीच्या उभे राहण्याची कथा सांगते. त्या प्रयोगाच्या आणि त्यातील मुलांच्या आयुष्याच्या धडपडीवर ‘पर्पल ड्रीम्स’ हा माहितीपटही निघाला.

पुढच्या मानकऱ्यांची यादी वाचली की हा सन्मान कोणत्या नजरेने दिला जातो ते कळते.

२०१६ साली डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलच्या मेरिलिन मॅकॉर्मिक यांना तो मिळाला. डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. कारखाने गेले, माणसे गेली आणि २०१३ साली नगरपालिकेने दिवाळे जाहीर केले. २०१६ च्या जानेवारीत तिथल्या शाळांची अवस्था इतकी वाईट झाली होती, की शिक्षकांनी एकाच वेळी आजारपणाच्या रजा टाकून निषेध केला. अशा शहरात मॅकॉर्मिकबाई तीन दशकांहून अधिक काळ मुलांना नाटक शिकवत होत्या. शहराचे दिवाळे निघाले, त्यांच्या वर्गाचे निघाले नाही.

२०१८ साली फ्लोरिडातील पार्कलंडच्या मेलडी हर्झफेल्ड यांना मान मिळाला. त्या वर्षी १४ फेब्रुवारीला त्यांच्या शाळेत एका माथेफिरूने गोळीबार करून १७ जणांचे प्राण घेतले. मुलांची नाटकाची तालीम चालू होती. बाईंनी ६५ मुलांना आपल्या नाटकाच्या वर्गातील कोठडीत घेतले आणि सुटका होईपर्यंत सुमारे दोन तास त्यांना सांभाळले. नंतर याच मुलांनी गाणे रचून आपले दुःख देशासमोर मांडले आणि अर्धे राहिलेले बालनाट्यही पूर्ण केले. टोनीच्या रात्री ती मुले मंचावर आली आणि गायली. आमच्या मते त्या रात्रीचा खरा हार तोच होता.

२०१९ च्या मानकरी मॅडलिन मिशेल या व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिलजवळच्या मॉन्टिसेलो हायस्कूलच्या. मॉन्टिसेलो हे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मळ्याचे नाव. ‘सर्व माणसे समान आहेत’ असे जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या गृहस्थांनी आयुष्यात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. ऑगस्ट २०१७ मध्ये याच शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्यांच्या वर्चस्वाचा झेंडा घेऊन जमाव चालून आला आणि विरोध करणाऱ्या लोकांवर मोटार घालून एका स्त्रीला ठार मारण्यात आले. अशा गावात मिशेलबाईंनी वर्णद्वेषावरची नाटके मुलांना स्वतःच लिहायला लावली. दुसऱ्याने लिहिलेले संवाद पाठ म्हणण्यापेक्षा आपले म्हणणे आपल्या तोंडाने सांगणे किती अवघड आणि किती आवश्यक असते, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

२०२२ साली ह्यूस्टनच्या कार्व्हर हायस्कूलच्या रोशंडा जोन्स-कूम्बा, २०२३ साली फ्लोरिडाच्या साऊथ प्लँटेशन हायस्कूलचे जेसन झेम्बुक यंग, २०२५ साली ब्रुकलिनच्या बॉईज अँड गर्ल्स हायस्कूलचे गॅरी एडविन रॉबिन्सन. यांपैकी यंग गुरुजी बहिऱ्या आणि ऐकू येणाऱ्या मुलांना एकत्र घेऊन खुणांच्या भाषेत नाटक करतात. ऐकू येणारी मुले त्यासाठी हातांची भाषा शिकतात. एरवी बहिऱ्या मुलाला सांगतात, तू आमच्यासारखा हो. इथे उलटे आहे.

शाल पुरे होत नाही

असे असले तरी या पुरस्कारांनी सारे प्रश्न सुटले असे आम्ही म्हणणार नाही. ज्या शाळेत नाटकच होत नाही तिथे परीक्षक जाणार कोठे? गरीब वस्तीतल्या शाळेचे नाव यादीत यायचे तर आधी तिथे नाटकाचा शिक्षक हवा, सभागृहाचे छप्पर गळके नको आणि संध्याकाळी उशिरा घरी जायला मुलाला बस हवी. शिवाय नाटकाची कुस्ती करून टाकण्याचाही धोका आहे. ढाल मिळवायची म्हणून चाचरणाऱ्या मुलाला मागे ढकलले, तर ती ढाल कपाटात राहील आणि ते मूल आयुष्यभर मागेच राहील.

सन्मानानंतर माणूस काय करतो यावरूनही सन्मानाची किंमत ठरते. कोरी मिचेल यांचेच पाहा. टोनीचा मान मिळाल्यावर ते थांबले नाहीत. अमेरिकेत नाट्यशिक्षणाच्या नामवंत महाविद्यालयांत प्रवेश हवा तर जागोजाग जाऊन अभिनयाची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी प्रवासखर्च लागतो आणि पैसेवाले पालक खास शिकवणीही लावतात. काळ्या आणि इतर गौरेतर घरांतील हुशार मुले इथेच गळतात. या मुलांसाठी मिचेल यांनी शार्लटमध्ये ‘थिएटर गॅप इनिशिएटिव्ह’ नावाची संस्था काढली. हायस्कूल संपल्यावर वर्षभर तयारी करून घ्यायची आणि त्यांना महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचवायचे, हे तिचे काम. स्वतःला दार उघडले म्हणून आत जाऊन बसणारे पुष्कळ असतात. हा माणूस मात्र दार धरून उभा राहिला.

आता कोणी म्हणेल, आमच्या मुलाने इंजिनिअर व्हावे, नाटकात त्याचे काय आहे? आमचे म्हणणे असे, की शाळेत नाटक करणारे प्रत्येक मूल नट होणार नाही, आणि व्हायलाही नको. पण चारशे लोकांसमोर मान वर करून स्पष्ट आवाजात चार वाक्ये बोललेले मूल पुढे मुलाखतीत, कचेरीत, न्यायालयात, सभेत बोलताना चाचरत नाही. दहा जणांबरोबर ठरल्या वेळी ठरलेले काम करायची सवय त्याला लागते. आणि आपले काम दुसऱ्याच्या कामावर उभे आहे, हे त्याला पुस्तकाशिवाय कळते. हे शिकवणारा शिक्षक गणिताच्या शिक्षकाइतकाच मोलाचा आहे.

म्हणून वाचकहो, मुलाच्या शाळेत नाटक होईल तेव्हा दोघांनीही जा. पाळी असेल तर बदलून घ्या. नाटक संपल्यावर लगेच उठू नका. नाटक कोणी बसवले ते विचारा, त्या बाईंना किंवा गुरुजींना जाऊन भेटा आणि मुलादेखत दोन शब्द बोला. कपडे कोणी शिवले, पडदा कोणी ओढला तेही विचारा. पालकसभेत उभे राहून सांगा, की पुढच्या वर्षी ही नावे पत्रिकेत छापा आणि नाटकाचा खर्च बाईंच्या पर्समधून होऊ देऊ नका. अमेरिकेच्या शिक्षकांची नावेसुद्धा आधी कोणीतरी विद्यार्थ्याने किंवा पालकाने कागदावर लिहून पाठवावी लागतात. आपल्या शाळेतली ‘अज्ञात’ माणसे आपल्याला ज्ञात आहेत. त्यांची नावे घ्यायची आहेत, एवढेच.